धाकट्या जावेची सही

*वाचक बहिणीचं पत्र :*

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. हे पत्र माझ्यासाठी नाही, माझ्या धाकट्या जावेसाठी आहे. गेल्या फेब्रुवारीत आमचे दीर बेदाण्याच्या शेडवर रॅकवर द्राक्षं टाकत होते. छातीत कळ आली म्हणून खाली बसले आणि मिरजेला नेईपर्यंत संपलं. वय ३३. जाऊ २९ वर्षांची आहे. मुलगी पाचवीत, मुलगा अंगणवाडीत.

सासरे सहा वर्षांपूर्वी वारले. सातबाऱ्यावर सासूबाई, माझे मालक आणि दीर अशी तीन नावं आहेत. नणंदेनं तेव्हाच साडीचोळी घेऊन हक्क सोडला. जमीन अडीच एकर, त्यातली एक एकर बाग. आता घरात सगळे म्हणायला लागलेत की जावेनंही हक्कसोडपत्रावर सही करावी. माझे मालक म्हणतात, ‘ती अजून लहान आहे. उद्या दुसरं लग्न केलं तर जमीन परक्या घरात जायची. सही करू दे, तिला आणि पोरांना जन्मभर सांभाळतो.’ माहेरचे म्हणतात, ये इकडं. पण तिचा भाऊच भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो.

तिच्या नावावर फायनान्सचं चाळीस हजारांचं कर्ज आहे. हप्त्याचा माणूस रात्री आठ-आठला येऊन दारात बसतो. वटपौर्णिमेला आम्ही सगळ्या वडाला गेलो, ती मागच्या दारी बसून राहिली. त्या रात्री भांडी घासताना म्हणाली, ‘अक्का, मी नसते तर सगळ्यांचं सोपं झालं असतं.’ तेव्हापासून माझा डोळा लागत नाही.

मी बोलले तर नवऱ्याच्या विरुद्ध जाते, गप्प बसले तर तिच्या. आणि खरं सांगते, सही झाली तर फायदा माझ्याच पोरांचा आहे, त्याची जास्त लाज वाटते. सरकारी योजना आहेत म्हणतात. कुठं जायचं, कुणाला भेटायचं?

— एक थोरली जाऊ

*उत्तर :*

अक्का, तुमची जाऊ म्हणते तशीच मीही तुम्हाला हाक मारते. जमिनीचं, कर्जाचं, योजनांचं सगळं पुढं सांगते. त्याआधी मला त्या रात्रीच्या भांड्यांपाशी यायचंय.

‘मी नसते तर’ हे बोलणं दुःखाच्या भरात निघून गेलं असं समजून सोडू नका. तुमचा डोळा लागत नाही, कारण तुम्हाला ते बरोबर कळलंय. आज रात्री सगळे झोपल्यावर तिच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का गं?’ असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल, अशी भीती बाळगू नका. तसं होत नाही. आत कोंडलेलं बाहेर पडायला वाट मिळते. ती बोलायला लागली की मधे ‘पोरांकडं बघ’ म्हणू नका. पोरांकडं ती दिवसभर बघतेच आहे. नुसतं ऐका.

आणि अक्का, तुमचं घर बागायतदाराचं आहे. फवारणीची औषधं घरात असणारच. पडवीत, न्हाणीच्या फळीवर, पंपाच्या खोलीत, कधी तर पोत्याखाली अर्धी बाटली राहिलेली असते. ती सगळी गोळा करून आजच कुलपात घाला आणि किल्ली तुमच्या कमरेला ठेवा. कुणी विचारलंच तर घरात लहान पोरं आहेत म्हणून सांगा. काही दिवस तिच्या खोलीत तुम्ही किंवा सासूबाई झोपा. १४४१६ हा टेली-मानसचा फोन दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फोन तुम्हीच लावून तिच्या हातात द्या. तिनं ‘हो, येतं मनात’ असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता तिला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं घेऊन जा. बाकीची कामं दोन दिवस थांबली तरी चालतील, एवढं थांबता कामा नये.

आता सहीचं. जावेला सांगा, सध्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. हक्कसोडपत्रावर नाही, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर नाही आणि ‘सोसायटीचं काम आहे, पटकन कर’ म्हणून पुढं केलेल्या कागदावरही नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवलं जातं, तिथं फोटो निघतो, अंगठा लागतो. एकदा नोंदलं की ते रद्द करून घ्यायला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. नवरा जाऊन सहा महिनेही झाले नाहीत, अशा बाईनं एवढा मोठा निर्णय करूच नये. ‘वर्षश्राद्ध झाल्यावर बघू’ असं तिनं म्हणावं. आपल्याकडं या वाक्याला कुणी नाही म्हणत नाही.

दिरांच्या नावावर जमिनीचा जो हिस्सा आहे, त्याला हिंदू वारसा कायद्यानं आज चार वारस आहेत : तुमची जाऊ, तिची मुलगी, तिचा मुलगा आणि सासूबाई. चौघांना सारखा वाटा. मुलीला मुलाएवढाच. यात कुणी कुणावर उपकार करत नाही, दीर गेले त्या दिवशीच तो वाटा त्यांचा झाला. उद्या तिनं दुसरं लग्न केलं तरी नवऱ्याकडून आलेला वाटा त्यामुळं काढून घेता येत नाही. हे तुमच्या मालकांना ठाऊक नसेल, बऱ्याच जणांना नसतं.

त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक नसणार, आणि तीच तुम्ही त्यांच्यापुढं ठेवायची आहे. जावेनं उद्या सही केली तरी ती फक्त स्वतःचा वाटा सोडू शकते. पोरांचा नाही. १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यानं अज्ञान मुलांची जमीन आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता किंवा सोडून देता येत नाही. परवानगी न घेता केलेला व्यवहार मुलं सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतात. म्हणजे ज्या निर्धोक जमिनीसाठी हा सगळा घाट घातलाय, ती या सहीनं हातात येतच नाही. येईल ती पंधरा वर्षांनी उभी राहणारी भाऊबंदकी, तुमचा मुलगा एका बाजूला आणि दिरांचा मुलगा दुसऱ्या बाजूला. तासगावच्या कोर्टाबाहेर उभं राहून बघा, निम्म्या तारखा अशाच असतात.

नवऱ्याच्या विरुद्ध जाते असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही, पण तुम्हाला ते सोपं जाईल असंही मी म्हणणार नाही. तुम्हाला त्याच घरात राहायचंय, त्याच चुलीवर भाकरी करायची आहे. म्हणून चार माणसांत बोलू नका, भांडणाच्या वेळी तर नकोच. बागेत दोघंच असताना बोला. ‘सांभाळतो म्हणताय ना, मग सांभाळाच. नावही राहू दे आणि सांभाळाही. बाग एकत्रच करू. खर्च किती, माल किती गेला, पट्टी किती आली, सगळं वहीत लिहू आणि तिचा हिस्सा तिच्या खात्यावर घालू.’ भाऊ गेल्यावर अंगावर पडलेल्या ओझ्यानं तेही घाबरले असतील. दोन घरं, एक एकर बाग आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज. माणूस घाबरला की आधी जमिनीला मिठी मारतो. त्यांना वाईट ठरवून बोलायला बसलात तर ते ऐकणार नाहीत.

सासूबाईंनाही बाजूला ठेवू नका. सासरे गेले तेव्हा त्यांचं नाव सातबाऱ्यावर लागलं. ते लागलं नसतं तर त्यांना घरात आज जो मान आहे तो असता का, हे त्यांना विचारायला तुमच्याइतकं जवळचं कुणी नाही. सुनेच्या जागी त्या सहा वर्षांपूर्वी उभ्या होत्या.

आणि लाज वाटते म्हणालात. फायदा तुमच्या पोरांचा असताना तुम्ही हे पत्र लिहिलंत. मी खूप वर्षं या कामात आहे, थोरल्या जावेनं धाकटीसाठी लिहिलेली पत्रं मला बोटांवर मोजण्याइतकीच आली. लाज बाजूला ठेवा, तुम्हाला काम करायचंय.

ते काम कोणतं, हे सांगायच्या आधी माझीच एक चूक सांगते. समुपदेशनाच्या कामाला लागले तेव्हा मी नवी होते. जत भागातली एक बाई आली. ऊसतोडीला जाणारी, नवऱ्यानं टाकलेली. मी तिला एक चिठ्ठी लिहून दिली : अमुक कार्यालय, अमुक टेबल, हा अर्ज मागायचा, ही कागदं जोडायची. अक्षर चांगलं काढलं होतं. मला वाटलं, झालं माझं काम. तीन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या कार्यालयात गेले तर ती व्हरांड्यात बसलेली. हातात तीच चिठ्ठी, घडीवर फाटलेली, घामानं निळी शाई पसरून अर्धी वाचता न येणारी. पाचवी खेप होती तिची. दर खेपेला ‘साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या’. दर खेपेला रोज बुडलेला आणि एसटीचं भाडं गेलेलं. त्या दिवशी मी तिच्याबरोबर आत गेले. दहा मिनिटांत अर्ज घेतला गेला. मी काही मोठी अधिकारी नव्हते. तिच्या शेजारी उभी होते, एवढंच. त्यानंतर मी कुणा बाईला नुसती चिठ्ठी देऊन पाठवलं नाही.

म्हणून योजनांची नावं सांगते, पण प्रत्येक नावाच्या मागं तुमचं बरोबर जाणं धरूनच वाचा. आपल्याच जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी परित्यक्ता बायकांना एकत्र आणून त्यांच्या हक्कासाठी लढा दिला. एकटीनं सांगितलेलं दुःख ऐकून लोक हळहळतात आणि घरी जातात. दहाजणी मिळून गेल्या की त्याच दुःखाची मागणी होते. तुम्ही दहा नाही, दोघीच आहात, पण एकटीपेक्षा दोघी पुष्कळ.

पहिलं काम घरातच आहे. दिरांचं पासबुक काढा आणि बँकेत जाऊन त्यात शेवटपर्यंतच्या नोंदी छापून घ्या. मग मे आणि जूनच्या ओळींवर बोट ठेवून ४३६ रुपयांची वजावट कुठं दिसते का बघा. दिसली तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची. खातं उघडताना किंवा कर्जाच्या वेळी बँकवाल्यानं फॉर्मवर सही घेतलेली असते, घरात कुणाला पत्ता नसतो. या विम्याचे २ लाख रुपये कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी मिळतात, अपघातच व्हावा लागतो असं नाही. दुसरी २० रुपयांची नोंद असेल तर तो अपघाताचा विमा, तो इथं लागू नाही. एकाहून जास्त खाती असतील तर सगळी पासबुकं तपासा. दावा लवकर करायचा असतो, तुम्हाला उशीर झालाय, पण म्हणून गप्प बसू नका. मृत्यूचा दाखला आणि वारसाचं नाव घेऊन बँकेत अर्ज द्याच. मी दोन ओळींच्या अशा नोंदीवरून घरं सावरलेली पाहिली आहेत.

गावात कुणी म्हणेल, शेतकरी अपघात योजनेतून २ लाख काढून देतो, पाच हजार द्या. देऊ नका. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ती योजना अपघाती मृत्यूसाठी आहे, हृदयविकाराला लागू होत नाही.

फायनान्सच्या कर्जाचंही असंच आहे. अशा कर्जात बरेचदा बाईचा आणि नवऱ्याचा, दोघांचाही विमा काढलेला असतो, त्याचे पैसे सुरुवातीलाच कापून घेतलेले असतात. कर्जाचं कार्ड आणि मिळालेली कागदं काढा, विम्याची रक्कम लिहिलेली दिसते का बघा, आणि हप्तेवाल्याला विचारा, ‘नवरा वारला तेव्हा विम्याचा दावा तुम्ही का केला नाही?’ हा एक प्रश्न विचारला की बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो. आणि रात्री आठला दारात बसायचा त्याला अधिकार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी सूक्ष्म कर्जाच्या, म्हणजे अशा छोट्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर कर्जदाराला गाठणं ही जाचक वागणूक ठरवली आहे. पुढच्या वेळी तो आला की तुम्ही बाहेर या, नाव विचारा, ओळखपत्र बघा, तारीख-वेळ वहीत त्याच्यासमोर लिहा. तरीही ऐकलं नाही तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार द्या, मग रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ वर फोन करा. दिरांनी कुणाकडून हातउसने घेतले होते म्हणून जावेपुढं कुणी उभं राहिलं, तर वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, हे लक्षात ठेवा. तिच्या मजुरीवर त्याचा हक्क नाही.

दुसरं काम चावडीवरचं. वारस नोंदीचा अर्ज जावेनं स्वतःच्या हातानं द्यायचा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांच्याकडं मृत्यूचा दाखला आणि चारही वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज द्या. नाव आधी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत चढतं, मग फेरफार होतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तीन महिन्यांत कळवायचं असतं, ते उलटून गेलेत, म्हणून आता आणखी लांबवू नका. घाई एवढ्यासाठीही की दुसऱ्या कुणी अर्ज दिला आणि त्यात एखादं नाव ‘राहून’ गेलं तर ते नंतर घालणं फार जड जातं. मुलीचं नाव तर हमखास राहतं. फेरफार निघाला की त्याची नक्कल घेऊन चारही नावं स्वतः वाचा.

तिसरं, तासगावचं तहसील. एका फेरीत होईल ते करा. एसटीला बायकांना अर्धंच तिकीट आहे. सेतू केंद्रात, म्हणजे दाखले मिळतात त्या खिडकीवर, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज द्या, हा दाखला पुढं सगळीकडं लागणार आहे. रेशनकार्डावरून दिरांचं नाव कमी करून जावेचं आणि मुलांचं कार्ड वेगळं करून मागा. संजय गांधी निराधार योजनेत विधवा बाईला महिन्याला १५०० रुपये मिळतात. उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं. तिला लाडकी बहीणचे १५०० येत असतील तर दोन्ही मिळत नाहीत. अर्ज करताना तसं स्पष्ट सांगा, पण दुसरं मंजूर होईपर्यंत चालू असलेलं बंद करायची घाई नको. घराचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर तहसीलच्या त्याच संजय गांधी शाखेत राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचाही अर्ज मागा. घरचा कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर एकरकमी २० हजार मिळतात. रक्कम मोठी नाही, पण दोन पोरांच्या शाळेचं वर्ष निघतं.

आणि ज्याच्यासाठी सांगलीला जावंच लागेल ती बाल संगोपन योजना. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव तिला दिलंय. लोकांना वाटतं ही अनाथाश्रमातल्या मुलांसाठी आहे. तसं नाही. वडील गेलेत आणि मूल आईजवळ घरातच वाढतंय, त्यालाही ती लागू होते. १८ वर्षांपर्यंत प्रत्येक मुलामागं महिन्याला २२५० रुपये. तुमच्या जावेच्या दोन मुलांचे मिळून ४५००. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा, शाळेचे बोनाफाईड जोडायचे, घरी चौकशीला माणूस येतो, मग बाल कल्याण समिती मुलांना बघून आदेश काढते. पैसे दरमहा ठरल्या तारखेला येतात असं मी सांगणार नाही. कधी चार-सहा महिन्यांचे एकदम येतात. तोवर घर कशावर चालवायचं याचा विचार त्यात धरा. अंगणवाडीच्या सेविकेला हे सगळं माहीत असतं, मुलगा तिच्याकडंच जातो, तिला आधी भेटा. जाऊ बचत गटात असेल तर गटांचं काम बघणाऱ्या उमेद अभियानाच्या ताईंनाही सांगा.

वकिलाचा खर्च कुठून आणायचा, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण मनात असणार. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तासगावच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, सांगलीला जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण. फोन १५१००. हक्कसोडीचा कागद कुणी पुढं केलाच तर त्याचा फोटो काढून आधी तिथल्या वकिलाला दाखवा.

हात उगारला गेला, घराबाहेर काढायची भाषा झाली, तर थांबू नका. त्या क्षणी पोलिसांचा ११२, नाहीतर महिला मदतीचा १८१ लावा. जिल्ह्याच्या सखी केंद्रात काही दिवस राहण्याचीही सोय असते, पोलीस, डॉक्टर, वकील यांची मदत एकाच जागी मिळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं ती ज्या घरात नांदली त्या घरात राहायचा तिला हक्क आहे, त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. तुमच्या पत्रावरून तिथवर जाईल असं मला वाटत नाही. तरी नंबर तिच्या फोनमध्ये घालून ठेवा, साध्या नावानं.

आता वडाचं. तुम्ही सगळ्या गेलात, ती मागच्या दारी बसली. तिला कुणी ‘येऊ नको’ म्हटलं नसेल, कुणी ‘चल’ही म्हटलं नाही. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुमच्यापासून किती लांब आहे? ४ मे २०२२ ला त्या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र, जोडवी काढणं बंद. दोन आठवड्यांच्या आत, १७ मेला, राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या गावात ठराव झालाय का ते ग्रामपंचायतीत विचारा. पण ठरावाची वाट कशाला बघायची? नागपंचमी येईल. झोका बांधाल तेव्हा तिच्या मुलीला बसवाल, ते बरोबरच, पण तिलाही बसवा. २९ वर्षांची आहे ती. मेंदी भिजवाल तेव्हा तिचा हात आधी पुढं ओढा. सासूबाई काही बोलल्या तर बोलू द्या, दुसऱ्या वर्षी त्याच तिला ‘चल’ म्हणतील.

कामाचंही बघा. बेदाण्याचा हंगाम संपलाय, छाटणीला अजून वेळ आहे, मधले महिने हातात पैसा नसतो आणि डोक्यात विचार फार असतात. निवडीला, भांगलणीला तिच्याबरोबर तुम्हीही जा, मजुरीचा पैसा तिच्याच खात्यावर पडू दे, एटीएमचं कार्ड तिच्याचकडं राहू दे.

एक जाड प्लास्टिकचं फोल्डर आणा. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा झेरॉक्स, आधार, रेशनकार्ड, पासबुकं, मुलांचे जन्मदाखले, फोटो, सगळं त्यात. हे फोल्डर तुमच्या कपाटात नको, तिच्याकडं असू दे. पहिल्या दोन खेपांना तुम्ही बोला, तिसरीला ती बोलेल, तुम्ही शेजारी बसा.

आणि अर्ज कुठंही द्या, चावडीवर, तहसीलला, सांगलीला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घालून पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. ‘राहू दे हो, आम्ही करतो’ म्हणतील, तरी उठू नका. वारस नोंदीची पोच हातात आली की तिचा फोटो मला पाठवा, आणि त्या दिवशी जाऊ जेवली का, झोपली का, तेही दोन ओळीत लिहा.